दुरून डोंगर साजरे, पण केवढे?



"दुरून डोंगर साजरे" ही म्हण आपल्या मुलांची लहानपणीच पाठ होते. वरंध, महाड, पोलादपूर या पट्ट्यातल्या मुलांना मात्र डोंगर दुरून बघायची सोयच नाही. मागच्या दारात डोंगर, शाळेच्या खिडकीत डोंगर, मामाच्या गावाला जायचं तरी घाट. असं असूनही याच मुलांपुढे डोंगराचा फोटो धरून "हा केवढा असेल?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. "मोठा", "लय मोठा" याच्या पुढे गाडी जात नाही. आपणही पुढे विचारत नाही. "छान दिसतोय ना?" म्हणतो आणि पान उलटतो.

माझं स्पष्ट मत असं आहे की, चित्रातला किंवा फोटोतला आकार वाचायला शिकवणं हे अक्षर वाचायला शिकवण्याइतकंच गरजेचं आहे, आणि ते तिसरी-चौथीपासून व्हायला हवं. डोंगराखाली राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी तर नक्कीच. यासाठी महागडं शैक्षणिक साहित्य लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे काही फोटो पुरेसे आहेत. ते फोटो काय सांगतात आणि त्यांचं वर्गात काय करायचं, हे आज सविस्तर लिहिते.

'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ

आपण नकाशा शिकवताना "नकाशाचे प्रमाण" म्हणतो. एक सेंटीमीटर म्हणजे इतके किलोमीटर. हाच शब्द आपण "याला प्रमाण काय?" असंही वापरतो. तिथे प्रमाण म्हणजे पुरावा. माप आणि पुरावा या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे, हे मला फार बरोबर वाटतं. ज्या फोटोत माप कळत नाही, तो फोटो पुरावा म्हणूनही अर्धाच असतो. नुसता कडा दिसला तर तो वीस फुटांचा की दोनशे फुटांचा हे सांगता येत नाही. त्याच कड्याच्या पायथ्याशी एक माणूस उभा राहिला की सगळं बदलतं. आधी डोळा माणसाला शोधतो, मग वर कड्याकडे जातो, आणि आपण नकळत "अबब" म्हणतो. त्या "अबब"मध्ये गणित आहे आणि भावनाही आहे. दोन्ही एकाच क्षणी घडतात, म्हणून मला हा विषय प्राथमिक शाळेचा वाटतो.

तो माणूस चुकून आलेला नाही

फोटोग्राफीची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने काचेवर फोटो काढायची पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायची. काच वाळली की काम फुकट. म्हणजे डोंगरावर फोटो काढायचा तर कॅमेरा, काचा, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू एवढं सगळं डोंगरावर न्यावं लागे. आपल्याकडच्या उन्हात तर काच आणखी लवकर वाळत असणार.

शिवाय फोटो क्षणात निघत नसे. काच काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात जे हललं ते पुसट झालं किंवा गायब झालं. म्हणून जुन्या फोटोंत धबधबा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. आकाश बहुतेक वेळा कोरं पांढरं असतं, कारण त्या काचेला निळा रंग फार लवकर लागायचा.

आता मुलांना हा प्रश्न विचारा. हललेलं सगळं पुसलं जात असेल, तर या फोटोत कड्याखाली स्पष्ट दिसणारा हा माणूस कसा आला? उत्तर मुलं स्वतःच शोधतात. त्याला "हलू नको" सांगून उभं केलं होतं. तो तिथून चालत जाताना फोटोत सापडलेला नाही. फोटो काढणाऱ्याला माप हवं होतं, म्हणून त्याने माणसाचीच पट्टी केली.

याचं एक नोंदलेलं उदाहरण इजिप्तमधलं आहे. माक्सिम द्यु काँ हा फ्रेंच लेखक १८४९ ते १८५१ या काळात तिकडे फिरला. काचेची पद्धत अजून आलेली नव्हती, तो कागदावर फोटो काढत होता. तिथल्या प्रचंड देवळांचा आणि पुतळ्यांचा आकार कळावा म्हणून तो हाजी इस्माइल नावाच्या नावाड्याला त्यांच्याजवळ किंवा त्यांच्यावर उभा करी. तो हलू नये म्हणून द्यु काँने त्याला भीती घातली होती की, कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर उडेल! हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मुलांना ही गोष्ट ऐकून हसू येतं, आणि मग कुणीतरी विचारतंच, "बाई, म्हणजे तो फोटोत घाबरून उभा आहे?" हो, कदाचित. इतक्या भव्य फोटोत एका माणसाची भीतीही आहे, हे एकदा कळल्यावर तो फोटो पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही.

आपल्या सह्याद्रीतला बोरघाट

आता आपल्या घराजवळ येऊ. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. १८५५ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचे वर्गही सुरू झाले होते. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे फक्त साहेबच होता असं नाही, आपली माणसंही होती. हे मुलांना जरूर सांगावं.

त्याच काळात सह्याद्रीत एक अचाट काम चाललं होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली, पण पुण्याकडे जायला मध्ये सह्याद्रीची भिंत होती. १८५६ मध्ये बोरघाटाच्या कामाला सुरुवात झाली आणि १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. इथे मुलांचा एक गोंधळ होतो तो आधीच दूर करा. इंग्रजी कागदपत्रांत त्याला "भोर घाट" म्हणत, पण तो खंडाळ्याचा बोरघाट. आपण वरंधवरून चढून ज्या भोरला जातो, त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

या कामाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतलं. १८५९ मध्ये ते इथे आले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि नेमलेल्या इंजिनियरांकडून पूर्ण करून घेतलं. त्या काळातल्या बाईने हे करणं ही वर्गात सांगण्यासारखीच गोष्ट आहे. त्यांना फोटोग्राफीची आवड होती, आणि घाटाच्या बांधकामाच्या फोटोंचे जे अल्बम आज जपलेले आहेत ते त्यांच्या नावावर सांगितले जातात.

त्या फोटोंत काय दिसतं? कातळ फोडून काढलेली खिंड, दरीतून वर आलेले पुलाचे दगडी खांब, आणि त्यात कुठे तरी माणसं. मुंग्यांएवढी. पहिल्या नजरेत ती दिसतही नाहीत, दगडाचाच भाग वाटतात. मग एक दिसतो, मग दुसरा, आणि मग अख्खा डोंगर एकदम वाढतो. सुमारे १,८०० फुटांचा चढ, २५ बोगदे, आणि ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर. कड्यावरून दोर सोडून, दोराला लटकून सुरुंगासाठी भोकं पाडावी लागत. अपघात आणि पटकीसारखे रोग यांत हजारो मजूर दगावले.

हा आकडा नुसता लिहिला तर मुलं तो ऐकतात आणि विसरतात. पण फोटोत मुंगीएवढा माणूस आणि त्याच्यावर तोललेला कातळ बघितला की पाचवीतला मुलगासुद्धा विचारतो, "हा खाली कसा उतरला असेल?" तो प्रश्न म्हणजेच धडा. आकाराची भावना अशी मधल्या मार्गाने येते. आपण आधी त्या छोट्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवतो, मग डोंगर मोठा होतो.

माणूस असलेला फोटो, माणूस नसलेला फोटो

सॅम्युएल बॉर्न हा नॉटिंगहॅममधला बँकेतला कारकून. नोकरी सोडून तो १८६३ मध्ये भारतात आला आणि हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत त्याने फोटो काढले. इतक्या उंचीवर काढलेले फोटो पुढे वीसेक वर्षं कुणाला जमले नाहीत. त्याच्या कित्येक फोटोंत हिमनदीच्या काठावर, झुलत्या पुलावर, देवदाराच्या बुंध्याशी एक-दोन माणसं उभी दिसतात. त्यातली बरीचशी त्याचं सामान वाहणारी. काचा, रसायनं आणि तंबू पाठीवर घेऊन त्यांनीच तो कॅमेरा तिथवर नेला आणि मग त्यांनाच माप म्हणून उभं राहावं लागलं. बॉर्नचं नाव सगळीकडे आहे. त्या माणसांची नावं फोटोखाली नाहीत.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला कार्लटन वॉटकिन्स. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय व्यवहारात नव्हती. जेवढी काच तेवढाच फोटो. म्हणून १८६१ मध्ये योसेमिटी दरीत जाताना त्याने १८ बाय २२ इंचांच्या काचा वापरता येतील असा प्रचंड कॅमेरा बनवून घेतला. म्हणजे आपल्या वर्गातल्या तक्त्याएवढे फोटो! लांबच्या शहरातली माणसं त्या फोटोंसमोर उभी राहिली तेव्हा त्यांना ते कडे अंगावर आल्यासारखे वाटले असणार. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ती दरी लोकांसाठी कायम राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या निर्णयामागे या फोटोंचाही हात होता असं मानलं जातं. एखाद्या फोटोच्या आकाराने कायद्याला हातभार लावणं ही लहान गोष्ट नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मुलांपासून लपवू नये. वॉटकिन्सच्या त्या बहुतेक फोटोंत माणूस दिसत नाही. दरी स्वच्छ, शांत, रिकामी. प्रत्यक्षात तिथे अहवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि फोटोच्या दहाच वर्षं आधी, १८५१ मध्ये, सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकून लावलं होतं. फोटो खोटा नव्हता, पण तो बघून कुणालाही वाटावं की इथे कधी कुणी राहतच नव्हतं.

म्हणजे दोन प्रकार झाले. एकात माणूस आहे, पण नुसती पट्टी म्हणून, नाव नसलेला. दुसऱ्यात माणूसच नाही. माझं म्हणणं असं की, आपल्या मुलांनी तिसरा प्रकार शिकावा. माणूसही असावा आणि त्याचं नावही असावं.

भव्यता कुणासाठी?

मोठा डोंगर, छोटा माणूस, आणि मन भरून येणं. या भावनेचं कौतुक खूप होतं. मीही त्या फोटोंपुढे थांबते. पण ही भावना बहुतेक वेळा येऊन बघून जाणाऱ्याची असते. जो संध्याकाळी परत जाणार असतो त्याला डोंगराखाली आपण किती लहान आहोत हे वाटणं सुखाचं असतं. जो त्याच डोंगराखाली रात्री झोपणार असतो त्याच्यासाठी तेच वाटणं वेगळं असतं.

आपल्या भागात हे समजवायला लांब जावं लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही नावं अशीच सगळ्या महाराष्ट्राला कळली होती.

२०२१ चे हवाई फोटो आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितले. हिरव्या डोंगरावर एक तपकिरी ओरखडा. चार इंचांच्या स्क्रीनवर तो नखाने ओढल्याएवढाच दिसायचा. लांबच्या कुणी तरी तो बघून "एवढंसंच तर आहे" म्हटलं तर त्यात नवल नाही. पण फोटो मोठा करून खालच्या चिखलात बचाव पथकाच्या जवानांचे केशरी ठिपके दिसले, की पोटात खड्डा पडायचा. तो ठिपका माणूस आहे. मग ओरखडा केवढा? मग त्याच्याखाली काय गेलं?

दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोत जे घडतं तेच इथे घडलं. फरक एवढाच की, तिथे "अबब" म्हणून पुढे जाता येतं आणि इथे तसं जाता येत नाही. म्हणून मला वाटतं, आकार वाचणं हा आपल्या मुलांसाठी सौंदर्याचा विषय आहेच, पण त्याआधी तो जगण्याचा विषय आहे.

मोबाईलने सगळं एकाच मापाचं केलं

आज पावसाळ्यात वरंध घाटात, शिवथरघळीला, रायगडावर येणारा प्रत्येकजण फोटो काढतो. ड्रोनचे व्हिडिओ तर इतके, की आपल्याच गावाचा डोंगर आपल्याला परका वाटावा. त्यात ढग आहेत, धबधबे आहेत, संगीत आहे. वाडी दिसत नाही, गुरं दिसत नाहीत, घाटातली भजीची टपरी चालवणारी बाई दिसत नाही. वॉटकिन्सची रिकामी दरी परत आली म्हणायची. त्याच स्क्रीनवर हिमालय, वडापाव आणि भाच्याचा वाढदिवस एकाच मापात सरकत जातो. बोट फिरवलं की पुढचं. मुलांची नजर अशा ठिकाणी तयार होते आहे, आणि मग आपण म्हणतो की मुलांना कशाचंच अप्रूप राहिलं नाही.

मोबाईलला शिव्या देऊन उपयोग नाही. तो घरोघरी आहेच. त्याच मोबाईलने मोजायला शिकवू या.

वर्गात काय करता येईल?

१. कागदाची पट्टी. मोठ्या कड्याखाली माणूस उभा असलेला जुना फोटो छापून घ्या. कागदाच्या पट्टीवर त्या माणसाच्या उंचीची खूण करा. मग ती खूण कड्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकावर एक ठेवत मोजा. समजा माणूस ५ मिलिमीटरचा आणि कडा १०० मिलिमीटरचा आला, तर कडा म्हणजे २० माणसं. एक माणूस साडेपाच फूट धरला तर ११० फूट. गुणाकार, मापन आणि अंदाज, तिन्ही एका तासात होतात.

इथे एक गोष्ट नक्की सांगा. माणूस कड्याच्या अगदी पायथ्याशी असेल तरच हे उत्तर बरोबर. तो कॅमेऱ्याजवळ असेल तर मोठा दिसतो, आणि मग कडा प्रत्यक्षात आपल्या उत्तरापेक्षा उंच असतो. जवळचं मोठं, लांबचं लहान, हे मैदानावर दोन मुलांना पुढे-मागे उभं करून लगेच दाखवता येतं.

२. सावलीची काठी. एक मीटरची काठी उन्हात उभी करा, तिची सावली मोजा. त्याच वेळी ध्वजस्तंभाची सावली मोजा. काठीची सावली अर्धा मीटर आणि स्तंभाची तीन मीटर असेल, तर स्तंभ सहा मीटर. फोटोतल्या मापावर विश्वास बसायला हा प्रयोग मदत करतो.

३. माणसांत मोजलेला गड. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर, म्हणजे साधारण २,७०० फूट. साडेपाच फुटांच्या माणसाने भागा. जवळपास पाचशे माणसं एकावर एक. हे गणित फळ्यावर झाल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या वाडीत एवढी माणसंच नाहीत." ८२० मीटर हा आकडा तिने कितीदा तरी वाचला असेल, पण तो कळला त्या दिवशी.

४. नावासह फोटो. मुलांनी आपल्या घराजवळचा डोंगर, ओढा किंवा जुनं झाड निवडायचं आणि घरच्या कुणाला तरी त्याच्या पायथ्याशी उभं करून फोटो काढायचा. आजी, काका, दूध घालायला जाणारा दादा, कुणीही. आधी विचारायचं, "उभे राहाल का?" त्यांना घाबरवायचं नाही, आणि सुरक्षित जागेवरच उभं करायचं. फोटोखाली वहीत चार ओळी: कोण उभं आहे, कुठे, कधी, आणि या जागेशी त्यांचं काय नातं. "माझी आजी, आमच्या शेताच्या वरचा कडा, इथे ती लहानपणी लाकडं आणायला यायची." एवढ्या ओळींनी तो फोटो बॉर्नच्या फोटोच्या एक पाऊल पुढे जातो, कारण यातल्या माणसाला नाव आहे.

भेगेशेजारी पट्टी

भूगर्भशास्त्रज्ञ खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडी, नाणं किंवा मोजपट्टी ठेवतात. का, ते आता मुलांना सांगायची गरज उरत नाही. हीच सवय आपल्या वाडीत यावी असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात डोंगरउतारावर नवी भेग दिसली, खांब किंवा झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा नको तिथे पाणी फुटलं, घराची दारं एकाएकी अडकू लागली, तर ही दरडीच्या आधीची लक्षणं असू शकतात. अशा वेळी मुलांनी जवळ जायचंच नाही, मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनी जोराच्या पावसात फोटोच्या नादाला न लागता आधी सगळ्यांना घेऊन सुरक्षित जागी निघायचं आणि ग्रामपंचायतीला, तलाठ्यांना कळवायचं. मात्र उघडीप असताना, धोका नसताना भेग दिसली तर फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवावी आणि तारीख लिहावी. "भेग पडली आहे" या वाक्याला कुणी "बघू" म्हणू शकतो. तारखेसह दोन फोटो असले, एकात दोन बोटं आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यात वीतभर, तर "बघू" म्हणणं अवघड होतं. प्रमाण म्हणजे माप आणि प्रमाण म्हणजे पुरावा, ते इथे एकत्र येतं.

काही शंका

काही सहकारी म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे कुठे बसवायचं? मापन, गुणाकार, नकाशाचं प्रमाण, परिसर अभ्यास आणि चार ओळी लेखन, हे सगळं आपण वेगवेगळं शिकवतोच. ते एका फोटोभोवती आणायचं एवढंच.

काही पालक म्हणतील, मुलं घाबरतील. ही शंका मला रास्त वाटते. म्हणूनच दरडीचे, नुकसानीचे फोटो वर्गात दाखवू नयेत. आपल्या वर्गात कदाचित अशी मुलं असतील ज्यांच्या घरचं कुणी त्यात गेलं आहे. त्यांच्या दुःखाचं आपण साहित्य करायचं नाही. बोरघाट, हिमालय आणि अंगणातला डोंगर एवढं पुरेसं आहे. मात्र डोंगराबद्दल बोलायचंच नाही, हाही उपाय नाही. मुलं रात्री पावसाचा आवाज ऐकतातच. ज्या गोष्टीचं माप ठाऊक नाही तिची भीती जास्त वाटते. मोजता आलं की भीतीची जागा सावधपणा घेऊ लागतो, असं मला वर्गात दिसलं आहे.

आणि काहीजण म्हणतील, डोंगर सुंदर आहे एवढं मुलांना वाटलं तर पुरे नाही का? वाटू द्या की. डोंगराला मापल्याने त्याचं सौंदर्य कमी होत नाही. पाचशे माणसं एकावर एक ठेवल्यावर रायगड आमच्या मुलांना आधीपेक्षा मोठाच वाटला.

पालकांना एक विनंती. येत्या सुट्टीत घरचा एक तरी फोटो असा काढा, ज्यात तुमचा डोंगर पूर्ण दिसेल आणि तुमचं माणूस त्याच्याखाली लहान दिसेल. आपण एरवी चेहरा मोठा यावा म्हणून धडपडतो, एकदा उलटं करून बघा. फोटोची एक प्रत छापून घ्या आणि पाठीमागे पेनाने नाव, जागा आणि तारीख लिहा. मोबाईल बदलतो, फोटो हरवतात, कागद राहतो. पुढे कधी ती वाडी हलली, रस्ता रुंद झाला किंवा डोंगराचा आकार बदलला, तर इथे डोंगर केवढा होता आणि त्याच्याखाली कोण राहत होतं, हे त्या कागदावरून कळेल.